लिनक्स मिंटच्या मेनूत ॲप नीट कसं बसवायचं: सेतू केंद्र, शाळा अन् अभ्यासिकावाल्यांसाठी सविस्तर

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट बंद झाला तसे आपल्याकडचे कितीतरी जुने कम्प्युटर लोकांनी लिनक्स मिंटवर नेले, अन् तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "भाऊ, ॲप तर टाकलं, पण मेनूत काऊन दिसत नाई?" दुसरा प्रश्न त्याचाच भाऊ, की दिसतं पण दाबलं तर काहीच होत नाही. आणि मग लोकं करतात काय तर सगळं डेस्कटॉपवर आणून टाकतात, स्क्रीनवर पन्नास आयकॉन, त्यातले अर्धे मेलेले, अन् केंद्रात नवीन पोरगं कामाला आलं की त्याला सातबारा कुठून काढायचा हे शोधायलाच अर्धा तास जातो.

हा लेख मिंटच्या सिनॅमन (मिंटचं नेहमीचं डेस्कटॉप रूप) आवृत्तीसाठी आहे. मूळ पद्धत बाकी लिनक्सवरही तीच चालते, फक्त मेनू एडिटरचं नाव अन् बटणं वेगळी असतात.

एक सूचना आत्ताच वाचून घ्या. फाईलीतले शब्द मी इथं देवनागरीत लिहिलेत, पण कम्प्युटरवर ते इंग्रजीतच असतात आणि लहान-मोठी अक्षरं सुद्धा जशीच्या तशी लागतात. स्पेलिंगचा घोळ होऊ नये म्हणून पद्धत अशी ठेवलीय की नव्यानं टाइप फार करायचंच नाही, जे लागते ते असलेल्या फाईलीतून कॉपी करायचं. इंग्रजी पक्कं असणाऱ्यांनीही हेच करा, एका अक्षराच्या चुकीनं नोंद गायब होते.

आधी एवढं समजून घ्या

मेनू म्हणजे ॲप्सचं कपाट वगैरे काही नाही. मेनूत दिसणारी प्रत्येक गोष्ट ही एक छोटी टेक्स्ट फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असतं. ॲप राहते भलतीकडे, ही फाईल फक्त दारावरची पाटी: नाव काय, चित्र कोणतं, कोणत्या गटात दाखवायचं आणि दाबलं की कोणती कमांड चालवायची. पाटी नसेल तर ॲप असूनही दिसत नाही, अन् ॲप हलवलं पण पाटी तीच राहिली तर दाबून काही होत नाही. वरच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ हेच.

या फाईली मुख्यतः दोन ठिकाणी असतात.

एक, सिस्टिमचं फोल्डर. फाईल सिस्टममधे यूएसआर, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलेल्या ॲप्सच्या नोंदी बहुतेक इथं येतात आणि त्या सगळ्या खात्यांना दिसतात. (फ्लॅटपॅक, म्हणजे ॲप टाकायची दुसरी एक पद्धत, तिच्यातून टाकलेल्यांचं फोल्डर वेगळं असतं, पण ते आपोआप होते, तिकडं हात लावायचं कामच नाही.)

दोन, तुमचं स्वतःचं फोल्डर. होममधे डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स. डॉटनं सुरू होणारी फोल्डरं लपलेली असतात, होम उघडून कंट्रोल आणि एच दाबा म्हणजे दिसतील. इथली नोंद फक्त तुमच्या खात्यात दिसते.

दोन्हीकडं एकाच नावाची फाईल असेल तर तुमच्या फोल्डरातली जिंकते. हा नियम डोक्यात पक्का बसवा, पुढचं अर्धं काम त्याच्यावरच चालते.

⚠ सिस्टिमच्या फोल्डरात आधीपासून असलेली फाईल जागेवर बदलू नका. आज चालेल, पण त्या ॲपचं अपडेट आलं की तुमचा बदल पुसून जाईल. "मागच्या महिन्यात मराठी नाव दिलं होतं, आता परत इंग्रजी झालं" अशी तक्रार येते ती यानंच. फाईल आपल्या फोल्डरात कॉपी करा, नाव तेच ठेवा, अन् बदल त्या कॉपीत करा.

टप्पा 1: कम्प्युटर बंद ठेवा, कागद घ्या

हा टप्पा सगळे गाळतात. कागदावर तीन रकाने पाडा: काम कोणतं, ते कोण करते, आणि त्याला मेनूत काय नाव द्यायचं.

नाव कामाचं द्यायचं, ॲपचं नाही. केंद्रात बसलेल्या ताईला "डॉक्युमेंट स्कॅनर" शोधायला लावण्यापेक्षा "कागद स्कॅन करा" असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. शाळेत "लिब्रेऑफिस कॅल्क" ऐवजी "हिशोब तक्ता". मात्र ज्या ॲपचं नाव लोकांच्या तोंडात आधीच बसलंय, जसं फायरफॉक्स किंवा क्रोम, त्याचं मराठीकरण करत बसू नका, उगाच गोंधळ होते.

नाव लहान ठेवा. "विद्यार्थ्यांचे शालेय पोषण आहार नोंदणी पत्रक" एवढं लिहिलं तर मेनूत ते मधेच कापलं जाते आणि "विद्यार्थ्यांचे शालेय" एवढंच दिसते, अन् अशा पाच नोंदी असल्या तर पाचही सारख्याच दिसतात. वेगळा ओळखू येणारा शब्द पहिले आला पाहिजे: "पोषण आहार नोंद".

कोण करते हा रकाना पण महत्त्वाचा. शाळेत गुरुजींचं खातं वेगळं अन् पोरांचं वेगळं असेल तर कोणती नोंद कोणाला दिसावी हे आत्ताच ठरवा, कारण फाईल कोणत्या फोल्डरात जाईल ते यावरूनच ठरते.

टप्पा 2: ॲपला पक्की जागा द्या

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलेल्या ॲपला हा टप्पा लागत नाही, सरळ चौथ्या टप्प्यावर जा. हा आहे तो ॲपइमेज (एकाच फाईलीत अख्खं ॲप), जार फाईली (जावावर चालणारे प्रोग्राम), अन् कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेल्या प्रोग्रामसाठी.

नव्वद टक्के मेलेल्या नोंदी कुठून येतात सांगू का? ॲप डाउनलोड्समधे पडलेलं असते, नोंद तिथूनच केलेली असते, अन् दिवाळीत कोणीतरी डाउनलोड्स साफ करते. नाहीतर पेनड्राइव्हवरूनच चालवलेलं असते आणि पेनड्राइव्ह गेला मालकासोबत. म्हणून नोंद करायच्या आधी:

1. एकट्याच खात्यासाठी असेल तर होममधे "ॲप्स" असं एक फोल्डर करा, त्याचं नाव इंग्रजीत अन् लहान अक्षरांत. सगळ्या खात्यांसाठी असेल तर फाईल सिस्टममधलं ऑप्ट हे फोल्डर वापरा. ते उघडून मोकळ्या जागेत राइट क्लिक, "ओपन ॲज रूट", पासवर्ड, मग लाल पट्टीची खिडकी येईल, त्यात फाईल पेस्ट करा अन् खिडकी लगेच बंद करा. लाल पट्टीत बसून बाकी कामं करायची नाहीत.

2. फाईलचं नाव बदला. नावातला आवृत्तीचा आकडा काढा अन् जागा सोडलेल्या काढा. आकडा काढायचं कारण असं की उद्या नवीन आवृत्ती आली तर त्याच नावानं जुनीच्या जागी ठेवता येते, नोंदीला हात लावावा लागत नाही.

3. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, तिथं "प्रोग्राम म्हणून चालू द्या" अशा अर्थाच्या चौकोनावर टिक करा. ऑप्टमधल्या फाईलीला ही टिक लाल पट्टीच्या खिडकीतच करावी लागेल, म्हणजे बंद करायच्या आधी. बाकी खात्यांना वाचायची परवानगी आहे का तेही तिथंच बघून घ्या. जार फाईलीला ही टिक लागत नाही, तिला जावा चालवते.

✔ तपासणी: आता फाईलवर डबल क्लिक करून ॲप उघडते का बघा. उघडत नसेल तर इथंच थांबा. जे हातानं चालत नाही ते मेनूतूनही चालणार नाही, लोकं मात्र मेनूलाच दोष देत बसतात. ॲपइमेज उबुंटूवर (हे पण एक लिनक्सच) उघडत नसेल तर एक ओळखीचं कारण आहे: 22.04 पासून उबुंटूत फ्यूज 2 ची लायब्ररी आधीपासून टाकलेली येत नाही आणि बऱ्याच ॲपइमेजला तीच लागते, ती टाकून घ्या.

टप्पा 3: मेनू एडिटरमधून नोंद तयार करा

पहिले बॅकअप. डॉट लोकलमधलं ते ॲप्लिकेशन्स फोल्डर, आणि होममधल्या डॉट कॉन्फिगमधे मेन्यूज नावाचं फोल्डर असेल तर तेही, दोन्ही कॉपी करून दुसरीकडं ठेवा. दोन मिनिटं लागतात.

1. खाली डाव्या कोपऱ्यात मेनूच्या चिन्हावर राइट क्लिक, "कॉन्फिगर", मग मेनूचा टॅब, तिथं मेनू एडिटर उघडायचं बटण आहे.

2. डावीकडं गट दिसतील. ज्या गटात नोंद पाहिजे तो आधी निवडा, मग "न्यू आयटम". उलटं केलं तर नोंद भलत्याच गटात जाते.

3. नाव भरा. मराठीत टाइप करायचं तर युनिकोडमधेच. आपल्याकडं टायपिंगवाले भाऊ कृतिदेवमधे हात बसलेले असतात, पण कृतिदेवमधे टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरंच असतो, मेनूत त्याची भलतीच चिन्हं दिसतात. मिंटमधे मराठी कीबोर्ड लावला नसेल तर मोबाइलवर टाइप करून स्वतःला मेल करा अन् इथं पेस्ट करा, एवढं सोपं.

4. कमांडच्या जागी हातानं टाइप करू नका, बाजूचं ब्राउज बटण दाबून फाईल निवडा. पूर्ण पत्ता आपोआप येतो.

5. "टर्मिनलमधे चालवा" ही टिक रिकामीच ठेवा (टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी). खिडकीवाल्या ॲपला ती लावली की मागं एक काळी खिडकी उघडी राहते, अन् कोणीतरी ती बंद करते आणि ॲप पण त्यासोबत बंद होते, मग फॉर्म अर्धवट राहिला म्हणून बोंब.

6. चित्रावर क्लिक करून आयकॉन निवडा. चित्राची फाईल पण पक्क्या जागी पाहिजे, डाउनलोड्समधली नको.

कमांडमधे तीन चुका हमखास होतात. पहिली, पत्त्यात मोकळी जागा असणे. मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरण चिन्हांत घाला, नाहीतर कम्प्युटर पत्ता अर्ध्यातच तोडते. दुसरी, होम फोल्डरसाठी ती नागमोडी रेघ वापरणे. टर्मिनलमधे ती चालते, इथं चालत नाही, इथं होमपासूनचा पूर्ण पत्ताच लागते. तिसरी, जार फाईल सरळ निवडून देणे. जार असेल तर आधी जावा, मग मायनस जार, मग पत्ता.

यातली एक सोय फार कमी लोकं वापरतात. मेनूतली नोंद ॲपच उघडेल असं काही नाही, ठरावीक फाईल पण उघडू शकते. कमांडमधे लिब्रेऑफिस, मोकळी जागा अन् पुढं तुमच्या तक्त्याचा पूर्ण पत्ता दिला की "पोषण आहार नोंद" दाबल्यावर तोच तक्ता उघडतो. मधे मायनस एन लावलं तर मूळ फाईल जागेवर राहते अन् तिच्यावरून नवीन प्रत उघडते, दाखल्याचे नमुने, अर्जाचे नमुने यासाठी हे लय कामाचं. नाहीतर कोणीतरी कोऱ्या नमुन्यावरच नाव भरून सेव्ह करते आणि पुढचे सगळे दाखले त्याच एका पोराच्या नावानं निघायला लागतात.

✔ तपासणी: एडिटर बंद करा, मेनू उघडा, नोंद दाबा. ॲप उघडलं तर पुढं चला.

टप्पा 4: फाईल उघडून नीट करा

एडिटरनं नोंद तर झाली पण ती अर्धी कच्ची असते. एडिटर गटाची माहिती त्या नोंदीच्या फाईलीत न लिहिता वेगळ्या मेनू फाईलीत लिहून ठेवतो. म्हणून हीच नोंद दुसऱ्या कम्प्युटरवर नेली की ती "इतर" गटात जाऊन पडते अन् माणूस म्हणते की इकडं तर बरोबर होती.

डॉट लोकलमधलं ॲप्लिकेशन्स फोल्डर उघडा, तारखेनुसार लावा, सगळ्यात नवीन फाईल तुमची. (टप्पा 3 गाळून सरळ इथं आला असाल तर आधी सिस्टिमच्या फोल्डरातली त्या ॲपची फाईल इथं त्याच नावानं कॉपी करा अन् तीच उघडा.) डबल क्लिक केलं तर ॲपच चालू होईल, म्हणून राइट क्लिक, "ओपन विथ", टेक्स्ट एडिटर.

पहिली ओळ चौकटी कंसातली असते, डेस्कटॉप एन्ट्री. तिच्यावर काहीही लिहायचं नाही अन् तिला हात लावायचा नाही. खाली एकेक ओळ असते, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडं ठरलेला शब्द आणि उजवीकडं तुमची माहिती. डावीकडचं कधीच बदलायचं नाही.

आता गट. या ओळीचं नाव कॅटेगरीज. इथं घोळ असा की मेनूत दिसणारी गटांची नावं अन् फाईलीत लिहायची नावं वेगळी आहेत. मेनूत "इंटरनेट" दिसते, फाईलीत नेटवर्क लिहावं लागते. मेनूत "ॲक्सेसरीज" दिसते, फाईलीत युटिलिटी. मेनूत "साउंड अँड व्हिडिओ", फाईलीत ऑडिओव्हिडिओ, मधे जागा न सोडता. ऑफिस, एज्युकेशन, ग्राफिक्स हे मात्र दोन्हीकडं सारखे. लोकं मेनूत बघून तेच नाव टाइप करतात आणि मग नोंद "इतर" मधे.

म्हणून कॉपी करा. समजा ऑफिस गटात पाहिजे, तर सिस्टिमच्या फोल्डरातली लिब्रेऑफिस रायटरची फाईल टेक्स्ट एडिटरमधे उघडा, कॅटेगरीजची ओळ शोधा, तिच्यातून ऑफिस हा एकच शब्द अन् त्यामागचं अर्धविराम चिन्ह एवढं घेऊन आपल्या ओळीत टाका. शेवटचं अर्धविराम चिन्ह सोडू नका. दोन मुख्य गट लिहिले तर नोंद दोन ठिकाणी दिसते, तसं मुद्दाम पाहिजे असेल तरच करा.

मग भाषा. सिस्टिमच्या बऱ्याच फाईलींत नेम या ओळीखाली नेमच्याच डझनावारी ओळी दिसतील, प्रत्येकीत चौकटी कंसात भाषेचं लघुरूप, मराठीसाठी एम आर. कम्प्युटरची भाषा मराठी असेल तर एम आर वाली ओळ दिसते, इंग्रजी असेल तर साधी नेमवाली. आपल्याकडं बहुतेक कम्प्युटर इंग्रजीतच ठेवलेले असतात. तिथं एम आर ची ओळ कितीही सुंदर लिहा, ती दिसणारच नाही. म्हणून:

कम्प्युटर इंग्रजीत असेल तर साध्या नेमच्या ओळीतच मराठी नाव लिहा, काही बिघडत नाही, फाईल फक्त यूटीएफ-8 मधे सेव्ह झाली पाहिजे अन् मिंटचा एडिटर ती तशीच करतो.

कम्प्युटर मराठीत असेल तर एम आर ची ओळ बदला. नुसती नेम बदलली आणि खाली एम आर मधे जुनं भाषांतर राहिलं तर जुनंच दिसत राहील, अन् तुम्ही सेव्ह करून करून थकाल.

मराठी नाव दिलं की एक नवी अडचण उभी राहते. मेनूच्या शोधपट्टीत लोकं अजूनही इंग्रजीतच टाइप करतात, स्कॅन म्हणून चार अक्षरं मारतात, आणि "कागद स्कॅन करा" हे देवनागरीत असल्यानं नावाशी जुळत नाही. यासाठी कीवर्ड्स नावाची ओळ असते. एखाद्या सिस्टिम फाईलीतून ती ओळ आणा आणि तिच्यात लोकं जे जे टाइप करतील ते सगळं अर्धविराम देऊन लिहा, इंग्रजी, मराठी, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, अगदी लोकं चुकीचं जे टाइप करतात ते सुद्धा. सातबाऱ्याच्या नोंदीत "7/12" हा आकडा टाकायला विसरू नका, अर्धे लोकं तेच मारतात.

आणखी एक ओळ फसवते, तिचं नाव पाथ. ॲप कुठं आहे ते इथं लिहायचं असं वाटते, पण ती ओळ ॲप कोणत्या फोल्डरात उभं राहून काम सुरू करेल हे सांगते. काही जार प्रोग्रामना आजूबाजूच्या फाईली लागतात, त्यांच्यासाठी त्यांचं फोल्डर इथं द्यायचं. बाकीच्यांना गरज नाही. तसंच व्हर्जन या ओळीत ॲपची आवृत्ती लिहू नका, ती फाईलीच्या नियमांची आवृत्ती असते.

⚠ सिस्टिमची फाईल कॉपी करून तिच्यावरून वेगळ्याच ॲपची नोंद बनवत असाल तर फाईलीला नवीन नाव द्या आणि डीबस-ॲक्टिव्हेटेबल अशी ओळ असली तर ती काढून टाका. ती राहिली तर तुमची कमांड बाजूला राहून मेनू दुसऱ्याच वाटेनं ॲप शोधायला जातो. ट्रायएक्झेक ही ओळ पण काढा, तिच्यातला प्रोग्राम सापडला नाही तर नोंद दिसतच नाही.

✔ तपासणी: टर्मिनल उघडा, डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट ही कमांड इंग्रजीत (तीन शब्द, मधे दोन आडव्या रेघा), मग जागा सोडून फाईल ओढून टर्मिनलवर सोडा, एंटर. काहीच छापून आलं नाही तर फाईल बरोबर आहे. काही आलं तर त्यात चुकलेल्या ओळीचं नाव असते.

टप्पा 5: सरकारी वेबसाईटींच्या नोंदी

केंद्रवाल्यांसाठी खरं काम इथंच आहे. महाडीबीटी, आपले सरकार, सातबारा, पीएम किसान, ही सगळी ॲप नसून वेबसाईटी, पण दिवसभर त्याच लागतात. मिंटमधे 20.1 पासून "वेब ॲप्स" नावाचा प्रोग्राम आलेला आहे, तो उघडा, अधिक चिन्ह दाबा, नाव, पत्ता, आयकॉन, गट अन् ब्राउझर भरा, झालं. नोंद मेनूत येते.

पत्ता टाकताना सर्चमधे जे पहिलं येईल ते उचलू नका. सरकारी नावासारख्या दिसणाऱ्या खाजगी साईटी वर येतात अन् लोकांचा आधार नंबर तिथं जातो. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते डोळ्यानं वाचा, मगच टाका. एकदा बरोबर पत्ता मेनूत बसला की नवीन पोरगं पण तिथूनच जाते, सर्चच्या फंदात पडत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो मला.

पत्ता मुख्य पानाचा घ्या. लॉगिन झाल्यावर वर जो लांबलचक पत्ता दिसते तो कॉपी केला तर दुसऱ्या दिवशी "सेशन संपलं" असंच येईल. अन् वेगळं प्रोफाइल वापरायची टिक असेल तर ध्यानात ठेवा, मग त्या नोंदीतले पासवर्ड अन् लॉगिन तुमच्या नेहमीच्या ब्राउझरपेक्षा वेगळे राहतात. एकाच कम्प्युटरवर दोन जण आपापल्या लॉगिननं काम करत असतील तर ते बरंच आहे.

टप्पा 6: नको ते लपवा, उडवू नका

मेनू एडिटरमधे नोंदीसमोरची टिक काढली की ती दिसत नाही, पुन्हा लावली की येते. पोरांच्या खात्यात एवढंच पुरे.

हातानं करायचं असेल तर दोन ओळींतला फरक बघा. नो-डिस्प्ले (फाईलीत मधे रेघ नसते) खरं, म्हणजे इंग्रजीत ट्रू, केलं तर नोंद मेनूत दिसत नाही पण फाईलवर डबल क्लिक केलं तर ॲप उघडते. हिडन खरं केलं तर कम्प्युटर समजते की ही नोंद उडवलेलीच आहे, मग "ओपन विथ" मधूनही ती जाते. पीडीएफ वाचायचं ॲप मेनूत नको म्हणून हिडन केलं तर पीडीएफ उघडणंच बंद होऊ शकते. आपल्याला जवळपास नेहमी नो-डिस्प्लेच पाहिजे.

⚠ लपवलं म्हणजे कुलूप लावलं असं समजू नका. हुशार पोट्टं दुसऱ्या वाटेनं उघडतेच.

⚠ एडिटरमधे मूळ मेनू परत आणायचं एक बटण आहे. ते "एक पाऊल मागं" घ्यायचं नाही, तुम्ही केलेले सगळेच बदल त्यात जातात. टप्पा 3 मधला बॅकअप याच्यासाठीच.

वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं साधन) वापरून विंडोजचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते आपल्या नोंदी स्वतः बनवते, अन् सॉफ्टवेअर काढलं तरी नोंदी मागं राहतात. तुमच्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात वाइन नावाचं फोल्डर असते, त्यातल्या मेलेल्या फाईली हातानं काढा.

टप्पा 7: बाकी खात्यांना अन् बाकी कम्प्युटरला

एका कम्प्युटरवर सगळं पक्कं झाल्याशिवाय हा टप्पा सुरू करू नका, नाहीतर एक चूक दहा ठिकाणी दुरुस्त करावी लागेल.

सगळ्या खात्यांना दाखवायची नोंद यूएसआर, लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरात ठेवा (नसेल तर लाल पट्टीच्या खिडकीतून तयार करा). ही जागा आपल्यासारख्यांनी हातानं टाकलेल्या गोष्टींसाठीच आहे, अपडेट तिथं हात लावत नाही. कॉपी झाली की तुमच्या खात्यातली त्याच नावाची फाईल काढा. ती राहिली तर तुम्हाला जुनी दिसेल अन् बाकीच्यांना नवी, मग तुम्ही म्हणाल बदल लागला नाही अन् ते म्हणतील लागला.

कॉपी करायच्या आधी फाईलीत कुठं तुमच्या होमचा पत्ता आहे का बघा, कमांडमधे आणि आयकॉनमधे दोन्हीकडं. दुसऱ्याच्या कम्प्युटरवर ते होम नसतेच, अन् त्याच कम्प्युटरवर असलं तरी बाकी खात्यांना तिथं जायची परवानगी नसू शकते. म्हणून सामायिक ॲप अन् त्याचं चित्र दोन्ही ऑप्टमधे ठेवायचं. वेब ॲप्सच्या नोंदी कॉपी करण्यापेक्षा प्रत्येक खात्यात नव्यानं करा, त्यांच्यात प्रोफाइलचे पत्ते गुंतलेले असतात.

पॅनेलवर, फेव्हरिट्समधे किंवा डेस्कटॉपवर आयकॉन टाकायचं काम सगळ्यात शेवटी. मेनूतून "ॲड टू डेस्कटॉप" केलं की फाईलीची वेगळी कॉपी बनते. नंतर मेनूतली नोंद दुरुस्त केली तरी डेस्कटॉपवरची कॉपी जुनीच राहते, अन् लोकं दाबतात नेमकी तीच.

तरीही दिसत नसेल तर या क्रमानं बघा

1. कंट्रोल, अल्ट अन् एस्केप एकदम दाबा. सिनॅमन नव्यानं सुरू होतो, उघडी कामं जात नाहीत. तरी दिसलं नाही तर लॉगआउट करून परत या.

2. "इतर" गटात बघा. तिथं असेल तर कॅटेगरीजची ओळ चुकलीय, टप्पा 4.

3. फाईलीच्या नावाशेवटी डॉट डेस्कटॉपच आहे का? विंडोजवर नोटपॅडमधे बनवून आणलेल्या फाईलीला मागं डॉट टीएक्सटी चिकटलेलं असते.

4. तपासणीची कमांड परत चालवा. पहिल्या ओळीत कंस तुटलाय का, टाइप, नेम अन् एक्झेक (कमांडची ओळ) या तिन्ही ओळी आहेत का.

5. फाईलीत नो-डिस्प्ले, हिडन किंवा ओन्ली-शो-इन आहे का? शेवटची ओळ असली तर नोंद फक्त तिच्यात लिहिलेल्या डेस्कटॉप प्रकारातच (सिनॅमनसारख्या) दिसते.

6. दोन्ही फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली आहेत का? असतील तर तुम्ही बहुतेक भलतीच दुरुस्त करत बसलाय.

7. दिसते पण उघडत नाही असं असेल तर एक्झेकच्या ओळीतली कमांड कॉपी करून टर्मिनलमधे पेस्ट करा अन् एंटर मारा. शेवटी टक्क्याचं चिन्ह अन् यू किंवा एफ असेल तर तेवढं सोडून घ्या, तिथं मेनू फाईलीचं नाव भरत असतो. टर्मिनल जे बोलते ते वाचा: फाईल नाही म्हणत असेल तर पत्ता चुकला, परवानगी नाही म्हणत असेल तर टप्पा 2 मधली टिक राहिली. आणि टर्मिनलमधून व्यवस्थित उघडलं पण मेनूतून नाही, तर कमांडमधली ती नागमोडी रेघ किंवा अवतरण चिन्हं बघा, दोघातलं एक निघतेच.